विषयाला धरून

मेल जेमतेम पाच ओळींचा होता. विषयाच्या जागी "थोडं वैयक्तिक, माफ करा" एवढंच. भाषांतर आणि संपादन करणाऱ्यांच्या ज्या ई-मेल लिस्टवर मी बरीच वर्षं आहे, तिथल्या एका जुन्या सदस्य बाईंनी तो टाकला होता. त्यांना मी कधी भेटलेली नाही, पण त्यांची वाक्यं ओळखीची आहेत. कुणी परिभाषेत अडकलं, कुणाची फाइल उघडेना, कुणाच्या शब्दसूचीचा घोळ झाला, की त्याच दिवशी त्यांचं उत्तर आलेलं असायचं, आणि त्या उत्तरात "हे तर सोपं आहे" असा सूर कधीही नसायचा. या वेळी त्यांनी लिहिलं होतं की त्या काम करत होत्या तो विभागच बंद झालाय, पुढच्या महिन्यापासून हातात काही नाही, कुणाच्या कानावर काही आलं तर कळवावं. शेवटी पुन्हा एकदा माफी. पाच ओळींत दोनदा माफी मागणाऱ्या माणसाला नियम ठाऊक असतो. तो मोडण्याची वेळ आली आहे एवढंच तो सांगत असतो.

थोड्याच वेळात उत्तर आलं, आणि तेही सगळ्यांना. "ही लिस्ट व्यावसायिक चर्चेसाठी आहे. कृपया अवांतर मजकूर टाळावा." दोन वाक्यं. त्याखाली सही: पूर्ण नाव, पदव्या, हुद्दा, कार्यालयाचा पत्ता, फोन, एक सुविचार, हा मेल गोपनीय असल्याचा इशारा, आणि झाडं वाचवायची असतील तर तो छापू नये अशी विनंती. तंबी दोन ओळींची, सही स्क्रीनभर. मग जे व्हायचं तेच झालं. कुणी म्हणालं, माणुसकी नावाची काही गोष्ट आहे की नाही? कुणी म्हणालं, नियम सगळ्यांना सारखे असावेत हीच माणुसकी. कुणी स्वागताचा जुना मेल उकरून त्यातला नियम जसाच्या तसा चिकटवला. दुसऱ्याने त्या नियमातलं शुद्धलेखन सुधारून दिलं (संपादकांची लिस्ट, दुसरं काय होणार). एकाने नुसतं "सहमत" लिहिलं, कुणाशी ते कळलं नाही. एकाने "मला या लिस्टमधून काढा" म्हणून सांगितलं. एकाने सगळ्यांना उत्तर देऊन बजावलं की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. धागा तीन दिशांना भरकटला, पण विषयाची ओळ बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे प्रत्येक मेलच्या डोक्यावर त्या बाईंची माफी तशीच लटकत राहिली. आणि इतक्या सगळ्या मजकुरात "अमुक ठिकाणी विचारून बघा" असं एक वाक्य नव्हतं.

मला खुपलं ते मात्र याहून बारीक होतं. त्याच आठवड्यात त्याच लिस्टवर एक जाहिरात आली होती: अनुभवी संपादक हवेत, मानधन चर्चेनुसार. अशा जाहिराती तिथे नेहमीच येतात. त्यावर कुणी कधी अवांतराचा शिक्का मारत नाही. उलट दोघे-चौघे "धन्यवाद, पुढे पाठवतो" म्हणतात. काम देणाऱ्याने लिहिलं तर ते व्यावसायिक, काम मागणाऱ्याने लिहिलं तर वैयक्तिक. मजकूर दोन्हीकडे एकच असतो, की एक माणूस आणि एक काम यांची गाठ पडायला हवी आहे. हा पंक्तिप्रपंच त्या दोन्ही बाजूंच्या भांडणात कुणालाच दिसला नाही, कारण सगळे "वैयक्तिक चालेल की नाही" यावर तुटून पडले होते.

तंबी देणाऱ्या गृहस्थांची बाजू मला अगदीच परकी नाही, हेही सांगते. त्यांचा हिशेब सरळ असतो. लिस्टवर दोन हजार माणसं असतील आणि एक मेल उघडून, वाचून, पुसायला अर्धा मिनिट लागत असेल, तर एका मेलने सोळा तासांहून जास्त वेळ खाल्ला. लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, कारण त्याचं एकच मिनिट गेलेलं असतं. एका लिस्टमधून मी याच कारणाने बाहेर पडले. तिथे कुणाचा वाढदिवस असला की दिवसभर शुभेच्छा चालायच्या, आणि एकदा एका नवख्या मुलीने विचारलेला कराराबद्दलचा अगदी खरा, घाईचा प्रश्न त्या शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडला गेला. तिला उत्तर मिळालं नाही. वाचायला माणसं होती, पण तोवर सगळ्यांनी न वाचताच पुसायला सुरुवात केली होती. लिस्ट मरते ती बहुधा अशीच. भांडणाने मरणाऱ्या त्या मानाने कमीच पाहिल्या.

तरीसुद्धा.

या भांडणाचा इतिहास चाळायला बसलं की गंमत वाटते, कारण ते जवळपास ई-मेलइतकंच जुनं आहे. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या जवळपास ४०० लोकांना एकच मेल पाठवला: आमचं नवं संगणक-यंत्र बघायला या. अर्पानेट हे इंटरनेटच्या आधीचं, अमेरिकी सरकारच्या संशोधनाचं संगणक-जाळं, फक्त अधिकृत कामासाठी. त्यामुळे वरून लगेच कानउघाडणी झाली, आणि जाळं वापरणाऱ्यांमध्ये वाद पेटला. त्या वेळी एमआयटीत असलेल्या तरुण रिचर्ड स्टॉलमन यांनी आधी पाठवणाऱ्याची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की मला रोजच नको ते मेल येतात, कुणाच्या घरी मूल झाल्याच्या सूचनासुद्धा येतात. त्यापेक्षा यंत्राचं प्रात्यक्षिक निदान रंजक तरी असेल. त्यांना तो मूळ मेल आलेला नव्हता. नंतर कुणीतरी त्यांना तो दाखवला. आणि त्यांनी चक्क शब्द मागे घेतले. कारण जाहिरात नव्हतं. कारण होतं पत्त्यांची यादी. ती इतकी लांब होती की मेलच्या डोक्यावर मावेना म्हणून उरलेले पत्ते मजकुरात सांडले होते, आणि यंत्राची माहिती वाचायला आधी ती सगळी नावं ओलांडावी लागत होती. विषय काहीही असो, इतकं लांब डोकं असलेला मेल पाठवायची कुणाला परवानगी असू नये, असं त्यांनी लिहिलं.

हा प्रसंग मला फार आवडतो. माणूस तत्त्वावर एका बाजूला उभा असतो, आणि प्रत्यक्ष मेल डोळ्यांसमोर आला की दुसऱ्याच कशाने चिडतो. "विषयाला धरून नाही" ही तक्रार मी जितक्या वेळा वाचली, त्यातल्या बहुतेक वेळा मागे काहीतरी वेगळंच होतं: मेल फार लांब होता, किंवा त्या माणसाचा त्या आठवड्यातला पाचवा होता, किंवा लिहिणारा नवा होता आणि त्याने जुन्यांसारखं लिहिलं नव्हतं. कारण सांगताना मात्र विषय पुढे केला जातो. विषय सांगणं सभ्य वाटतं. "तुम्ही मला आवडत नाही" हे कसं लिहिणार? आणि त्याच अर्पानेटवर, अधिकृत कामाच्या त्याच जाळ्यावर, पुढच्या काही वर्षांत सर्वांत लोकप्रिय झालेल्या लिस्टांपैकी एक होती विज्ञानकथा वाचणाऱ्यांची, एसएफ-लव्हर्स. ती चालवणारी आणि वाचणारी मंडळी जाळ्याचीच होती, घरची. थर्क पडले विक्री विभागातले, बाहेरचे.

रीतभातीच्या लेखी नियमांचा सर्वांत गाजलेला दस्तऐवज यायला त्यानंतर बराच काळ गेला. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये तो आरएफसी १८५५ म्हणून निघाला. (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराचे क्रमांक दिलेले जाहीर दस्तऐवज.) तो इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी एका कार्यगटातर्फे लिहिला होता. आज तो वाचताना अर्धा भाग शहाण्या आजीने सांगितल्यासारखा वाटतो आणि अर्धा भाग यंत्रशाळेतल्या सूचनांसारखा. रागात आलेल्या मेलला रागात उत्तर देऊ नका. सगळी कॅपिटल अक्षरं वापरू नका, ओरडल्यासारखं दिसतं. आणि त्याच दमात: ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवा, सही चार ओळींहून लांब नको, कारण काही जणांना जोडणीच्या मिनिटामागे पैसे पडतात. म्हणजे सही आटोपशीर ठेवणं हा विनय नव्हता, दुसऱ्याच्या खिशाचा विचार होता. पडद्यावर ऐंशी अक्षरं मावत, म्हणून ओळ तोडायची. ते पडदे गेले, मिनिटाचे पैसे गेले, पण नियम राहिले, आणि राहता राहता त्यांचं काम बदललं. आता ते कळतं त्यालाच, जो फार पूर्वीपासून आहे.

उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहायचं की खाली, यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. खाली लिहिणाऱ्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे: आधी प्रश्न, मग उत्तर, मधला अनावश्यक भाग कापलेला, वाचणाऱ्याला संदर्भ शोधावा लागत नाही. पण फोनवरून मेल पाठवणाऱ्या आजच्या माणसाला खाली जायलाच अंगठा थकवावा लागतो, आणि त्याचं अ‍ॅप त्याला वरच आणून ठेवतं. मग एखादा नवा सदस्य अत्यंत नेमका, कामाचा प्रश्न विचारतो आणि त्याला पहिलं उत्तर येतं ते "कृपया वर उत्तर लिहू नये" असं. प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसेल असं नाही. पण आधी पंगतीत नीट बसायला शिका, मग वाढू, असा तो खाक्या असतो. तो नवा सदस्य पुन्हा काही विचारत नाही. तो वाचनमात्र होतो. आणि पुढे कधीतरी तेच जुने सदस्य हळहळतात की हल्ली तरुण मंडळी लिस्टवर लिहीत नाहीत.

काही रीती तर माणसांनी ठरवलेल्याच नसतात. उत्तराचं बटण दाबल्यावर मेल मूळ लिहिणाऱ्याला जावा की सगळ्या लिस्टला, ही चालवणाऱ्याने एकदा लावून ठेवायची एक खूण असते. नव्वदच्या दशकात या एका खुणेवरून दोन तट पडले होते. एकाने निबंध लिहून सिद्ध केलं की उत्तर आपोआप लिस्टला वळवणं हानिकारक आहे, दुसऱ्याने तितक्याच तयारीने लिहून दाखवलं की ते उपयुक्त आहे. लिस्टा चालवणारे आजही एकमेकांच्या तोंडावर ते निबंध फेकतात. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण या खुणेची किंमत मी बघितली आहे. आमच्याच व्यवसायातल्या एका लिस्टवर एका ज्येष्ठांनी लांबलचक मेल टाकला. त्यावर एकाने आपल्या मित्राला म्हणून लिहिलं, "सुरू झालं यांचं पुराण." बटण एकच, जाणार कुठे ते खुणेने ठरवलेलं. ते वाक्य सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडलं. त्या ज्येष्ठांनी त्यावर काहीही लिहिलं नाही. मात्र त्यांचे मेल येणं त्या दिवसापासून बंद झालं, आणि शब्दांच्या व्युत्पत्तीवर त्यांच्याइतकं जाणणारं त्या लिस्टवर दुसरं कुणी नव्हतं. लिहिणाऱ्याने दोनदा माफी मागितली. पण सगळ्यांसमोर झालेला अपमान सगळ्यांसमोर भरून निघतोच असं नाही.

आणि ज्या लिस्टचा विषयच साऱ्या लिस्टांचं तंत्र आहे, तिथे काय होतं? इंटरनेटची प्रमाणकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची एक सर्वसाधारण चर्चा-लिस्ट आहे. २००० साली तिची सनदच काढली गेली, आरएफसी ३००५ (२०२२ मध्ये तिची जागा नव्या सनदेने घेतली). त्यात 'सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स' असं पद होतं, संसदेत गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढणारा असतो तसं. विषय सोडून किंवा अव्यावसायिक भाषेत लिहिणाऱ्याला रोखण्याचा अधिकार त्याला होता. पुढे २००४ मध्ये, एखाद्याने फारच उच्छाद मांडला तर त्याचा लिहिण्याचा हक्क काढून घेण्याची वेगळी कार्यपद्धतीही आली. पण मला २००० च्या त्या सनदेतलं एक वाक्य महत्त्वाचं वाटतं. जाहिरात चालणार नाही, असं ते म्हणतं. धंदा मिळवण्यासाठी असो की नोकरीच्या जागा भरण्यासाठी. आणि त्याच वाक्यात पुढे, वैयक्तिक स्वरूपाच्या चर्चाही चालणार नाहीत. म्हणजे दोन्ही दारं एकाच वेळी बंद. नियम कठोर आहे, मला आवडत नाही, पण त्यात पंक्तिप्रपंच नाही. नोकरी देणाराही बाहेर आणि मागणाराही बाहेर.

आमच्या लिस्टच्या नियमात या दोन गोष्टी वेगवेगळ्या कलमांत आहेत, म्हणून कुणाला ते दिसत नाही.

असल्या धाग्यांवर इतकी गर्दी का होते, याचं एक उत्तर मात्र पुरेसं जुनं आहे. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका समितीचं वर्णन केलं होतं. अणुभट्टीचा प्रस्ताव ती चुटकीसरशी मंजूर करते, कारण त्यातलं बहुतेकांना काही कळत नाही, आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घासाघीस करते, कारण शेड सगळ्यांना कळते. हे उदाहरण लिस्टांच्या जगात रुळलं ते १९९९ च्या ऑक्टोबरात. फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीच्या लिस्टवर 'स्लीप' नावाच्या एका छोट्या आज्ञेला अपूर्णांकातले सेकंद समजावेत का, यावर रण माजलं होतं, आणि पौल-हेनिंग काम्प यांनी वैतागून या शेडची आठवण करून दिली. आमच्याकडेही तेच. एखाद्याने कायद्याच्या मसुद्यातलं अवघड वाक्य टाकलं तर दोन उत्तरं येतात. "इथे काय बोलावं" असा प्रश्न निघाला की कधी तोंड न उघडणारेही बाहेर येतात. रीतभात कळत नाही असं कुणाला वाटतच नाही ना! २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८,४०,००० खात्यांना गेला. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण "हे मला का आलं", "मला काढा" आणि "सगळ्यांना उत्तर देणं थांबवा" अशी उत्तरं लोकांनी पुन्हा सगळ्यांना धाडली, आणि सगळी यंत्रणा रेंगाळली. शिस्त लावणाऱ्या मेलनेही तितकीच जागा अडते. हे प्रत्येकाला दुसऱ्याच्या मेलबाबत कळतं.

विषय आणि सभ्यता या दोन गोष्टींची गल्लत होते तिथे माझी खरी अडचण आहे. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचं काम चालतं ती लिस्ट बघा. तिथे नियम कडक: साधा मजकूर, रंगीत सजावट केलेला मेल परत फिरतो, उत्तर मूळ मजकुराच्या खाली. आणि त्याच लिस्टवर लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी वर्षानुवर्षं लोकांना जे काही सुनावलं, ते बहुतेक तंतोतंत विषयाला धरून होतं. कुणाचा तरी कोड चुकला होता, आणि चुकलाय असंच ते सांगत होते, फक्त माणूस सोलून काढत. मांडणीच्या कुठल्याही नियमात ते अडकलं नसतं. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला होत असल्याचं सांगितलं, आणि त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ती माफी आली कुठे? ४.१९ या आवृत्तीच्या चौथ्या चाचणी-मसुद्याची घोषणा करणाऱ्या मेलमध्ये. विषयाच्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक आणि त्याला लागूनच माफीचा उल्लेख. आमच्या सहीवाल्या गृहस्थांनी तो मेल दोन भागांत तोडून मागितला असता. पण ती माफी दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात मागितली असती तर तिला काय अर्थ राहिला असता? ज्यांच्यासमोर बोललं गेलं होतं त्यांच्यासमोरच ती यायला हवी होती, कामाच्या मेलमधून.

म्हणूनच "गप्पांसाठी वेगळी लिस्ट काढू" या तोडग्यावर माझा फारसा विश्वास नाही. असा ठराव प्रत्येक भांडणाच्या शेवटी होतो. लिस्ट निघते, पहिल्या आठवड्यात दहा-बारा मेल पडतात, मग सामसूम. सरळ आहे. माणसांना गप्पा मारायला जागा नको असते. आपलं जे काही झालंय ते या विशिष्ट माणसांना कळावं असं वाटत असतं, आणि ती माणसं मुख्य लिस्टवर असतात. त्या बाईंना नोकरीच्या बाजारात जायचं असतं तर जागांची कमी नव्हती. त्यांनी आमच्याकडे विचारलं, कारण त्यांचं काम कसं आहे हे आम्हाला वर्षानुवर्षं वाचून ठाऊक होतं. आमच्याइतकी खात्रीची शिफारस त्यांना कुणीच देऊ शकलं नसतं.

त्यांना काम मिळालं, असं नंतर कळलं. लिस्टवरून नाही, वाचनमात्र असलेल्या कुणीतरी थेट त्यांना लिहिलं होतं. थेट लिहिण्याची ती सोय तंबी देणाऱ्यालाही होतीच. "तुमची अडचण समजते, पण नियमात बसत नाही, मॉडरेटरशी बोलून बघा" हे एका माणसाला लिहायला जास्तीचा एकच क्षण लागतो. तरीही तंबी नेहमी जाहीरच येते, आणि मला वाटतं ती त्या माणसासाठी नसतेच. ती उरलेल्या सगळ्यांसाठी असते: इथला राखणदार कोण, ते पुन्हा एकदा पाहून ठेवा. मॉडरेटरने नेमलेला नसतो हा राखणदार. खरा मॉडरेटर असल्या वेळी बहुधा गप्प असतो, कारण त्याला दोन्ही बाजूंनी मागून खाजगी मेल येत असतात.

आमच्या लिस्टची मॉडरेटर माझी जुनी मैत्रीण आहे. हे काम ती कुठल्याही मोबदल्याशिवाय करते. दिवसाचं आपलं काम संपवून रात्री रांगेत अडकलेले मेल उघडते: हे जाऊ दे, हे परत पाठव, याला समजावून लिही. विलर्ड मकार्टी यांनी १९८७ मध्ये मानव्यविद्यांच्या अभ्यासकांसाठी 'ह्युमॅनिस्ट' ही लिस्ट सुरू केली, तेव्हा सुरुवातीला सगळे मेल थेट सगळ्यांना जायचे. पूर आला तसं ते संपादकाने विषयवार बांधून पाठवायला सुरुवात झाली. म्हणजे हे रात्रीचं काम तेव्हापासूनचं. मी तिला फोन करून त्या दोन कलमांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "जाहिरात एक येते आणि ती शंभरांना उपयोगी पडते. काम मागणारे मोकळे सोडले तर वाईट दिवसांत रोज पन्नास येतील, आणि प्रत्येकाला मी नाही म्हणू की हो म्हणू?" मी म्हटलं, रोज पन्नास येत असतील तर आपल्या धंद्याचं काय चाललंय ते तरी सगळ्यांना दिसेल. आज ते फक्त तुला दिसतं, रांगेत. यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिसतं खरं. गेल्या वर्षभरात मी किती जणांना परत पाठवलं ते तुला सांगतही नाही."

आमचं त्या दिवशी एकमत झालं नाही. दोन्ही प्रकार आठवड्यातून एकदा, एकाच एकत्रित मेलमध्ये बांधून पाठवावेत, असं मी सुचवलं. तिला कल्पना आवडली, पण बांधणार कोण, असं तिने लगेच विचारलं. जोडीला आणखी एक मॉडरेटर हवा म्हणून तिने लिस्टवर दोनदा मेल टाकला होता. विषयाला अगदी धरून होता, सहीसुद्धा चार ओळींच्या आत. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. माझंही नाही. "मग आठवड्याला तू बांधतेस का?" तिने विचारलं, आणि मी म्हटलं, सोमवारी सांगते.